ठोंब्या रोज का विसरतो?

"शेपूट, हलू नकोस! दोरा तुटेल ना!" खारू दबक्या आवाजात ओरडली.

"मी कुठे हलतोय? माझ्या नाकाला खाज येतेय, ती हलतेय!" टेबलाखालून तिच्या धाकट्या भावाचा आवाज आला. तो कायम तिच्या मागे मागे असायचा, म्हणून त्याचं नाव शेपूट.

टेबलाच्या चारही पायांना, घोट्याच्या उंचीवर, तिघांनी काळा दोरा ताणून बांधला. शेजारचा वकील शेवटची गाठ मारून उठला. प्रत्येक गोष्टीवर वाद घालायचा म्हणून त्याला हे नाव पडलं होतं.

"आता कळेल, रात्री ठोंब्याला कोण छळतं ते!" तो हात झटकत म्हणाला.

ठोंब्या म्हणजे त्यांनी सुट्टीत बनवलेला कॉम्प्युटर. अगदी जुन्या काळच्या पद्धतीचा! पडदा नाही, माऊस नाही. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यावर भोकाभोकांची पाटी, तिच्यावर तारांचं जंगल, पुढे आठ खटके आणि आठ लाल दिवे. एवढंच. पण खटका दाबला की ते दिवे मुंग्यांच्या रांगेसारखे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळायचे. कसं पळायचं ते एका चिपमध्ये भरलेलं होतं. तिच्या पाठीवर इवलीशी काचेची खिडकी होती. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांनी ती चिप भरून दिली होती.

आणि गंमत अशी, की संध्याकाळी शहाण्यासारखा चालणारा ठोंब्या सकाळी सगळं विसरायचा! दिवे वेड्यावाकड्या उड्या मारायचे, नाहीतर सगळेच्या सगळे डोळे वटारून बघत बसायचे. रोज चिप घेऊन काकांकडे पळायचं. ते जुनं पुसून पुन्हा भरून द्यायचे, खिडकीवर चंदेरी चिकटपट्टी लावायचे आणि हसायचे, "तुमचा कॉम्प्युटर आहे की घोकंपट्टी करणारा मुलगा? रात्री झोपला की सकाळी पाटी कोरी!"

ही खोली होती पट्टीघराची. जखमेवर बांधायच्या पट्ट्या इथे पाकिटांत भरल्या जायच्या. वरच्या मजल्यावर राहणारी मावशी इथेच कामाला होती. सुट्टीला आलेल्या भाचरांना तिथल्या साहेबांनी हे कोपऱ्यातलं टेबल दिलं होतं. काल मात्र ते म्हणाले होते, "चालत नसेल तर उचला ते खेळणं. मला खोकी ठेवायला जागा हवी."

"हे वकिलाचंच काम नसेल कशावरून?" खारूच्या मनात आलं. पहिल्याच दिवशी तो म्हणाला होता, 'हे चालायचं नाही, पैज लावतो!' आज तो गाठही जरा जास्तच उत्साहाने मारत होता. खारू त्याच्याकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत राहिली.

सकाळी तिघं जिन्यात दबा धरून बसले. आठ वाजता मावशीने कुलूप उघडलं आणि झाडू घेऊन ती आत गेली. नऊला साहेब आले, त्यांनी दाराबाहेरचं एक बटण वर केलं आणि ते आपल्या खोलीत जाऊन बसले. मग मुलं आत धावली.

दोरा तुटला होता! ठोंब्या पुन्हा कोरा झाला होता!

"साहेबांच्या आधी आत गेली ती एकटी..." वकिलाने वाक्य अर्धंच सोडलं.

"गप्प बस!" खारू खेकसली. मावशी? रात्री थोपटून निजवणारी मावशी? तिलाच हा पसारा नको होता का?

दिवसभर खारूला घास गोड लागला नाही. संध्याकाळी ती मावशीजवळ जाऊन बसली. विचारू की नको, विचारू की नको, असं करत शेवटी बोलून गेली, "मावशी, तू आमच्या ठोंब्याला हात लावतेस?"

"मी? नाही गं बाई! झाडताना पायात काहीतरी अडकून तुटलं खरं. पण टेबलाला मी फडकंसुद्धा लावत नाही."

आणि मावशीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"मावशी, रडू नकोस ना! माझं चुकलं!" खारू तिला बिलगली.

"अगं वेडे, रडत नाहीये मी. दोन आठवडे झाले, रोज संध्याकाळी डोळ्यांत कुणी वाळू घातल्यासारखं होतं. औषधाचे थेंब घालूनही उतार नाही. असंच राहिलं तर काम सोडावं लागेल बघ. दिसेनासं झालं तर..." देवाचं नाव घेऊन तिने ओला रुमाल डोळ्यांवर धरला.

डोळ्यांत वाळू! खारू ताठ बसली. हेच शब्द रेडिओकाकांच्या तोंडून ऐकले होते. चिप पुसायचा निळा दिवा ते एका बंद पेटीत ठेवायचे आणि दटावायचे, 'आत डोकावू नका! तेव्हा काही कळत नाही, पण रात्री डोळ्यांत वाळू घातल्यासारखं होतं!'

"मावशी, पट्टीघरात निळा दिवा आहे का?"

"आहे की! तुमच्या टेबलाच्या वरच, फळीखाली. जंतू मारायचा. साहेब जाताना लावतात, आल्यावर बंद करतात. आपण नाही बाई त्यांच्या बटणाला हात लावत."

खारू उठून धावली. गॅलरीत शेपूट टोपी घालून मिरवत होता. टोपीवर चंदेरी तारे चमकत होते.

"हे तारे कुठले रे?"

शेपूट चाचरला. "चिपच्या खिडकीवरची पट्टी... रोज जाताना मी काढतो. आत सोनेरी गाव दिसतं ना! मग ठोंब्यालाही रात्री बाहेर बघता येतं..."

"अरे गाढवा!" वकील ओरडला. "जितक्या वेळा चिप विसरली तितके तारे आहेत तुझ्या टोपीवर!"

"म्हणजे खिडकी उघडी, वर तो दिवा, आणि रात्रभर चिप पुसली जाते," खारू म्हणाली. "सकाळी त्याच उजेडात मावशी तासभर झाडते!"

तिघं साहेबांकडे पळाले. साहेब निघण्याच्या घाईत होते. "लहान तोंडी मोठा घास! दार उघडलं की तो दिवा आपोआप विझतो. मी स्वतः उभं राहून बसवून घेतलंय!"

"उद्या आठला येऊन बघाल?"

"आठला? मला दुसरे उद्योग नाहीत?"

खारू हिरमुसली. पण वकिलाने घसा खाकरला. "साहेब, एक विनंती होती. आमच्या कॉम्प्युटरचं उद्घाटन आहे, सकाळी आठला. ते तुमच्याच हस्ते व्हावं, अशी सगळ्यांची इच्छा आहे. रेडिओकाकाही येणार आहेत."

साहेबांचा हात आपोआप केसांकडे गेला. "उद्घाटन? हं... बघतो जमलं तर."

ते दिवा लावून जाण्यापूर्वी मुलांनी काकांकडून भरून आणलेल्या दोन चिपा टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. एकीवर पट्टी, दुसरी उघडी.

सकाळी साहेब हजर! भांग चापून पाडलेला, नवा शर्ट! खारूने मावशीचा हात घट्ट धरून तिला मागे उभं केलं.

"साहेब, दार उघडूनच उद्घाटन करा!" वकील कमरेत वाकून म्हणाला.

साहेबांनी ऐटीत दार ढकललं. आतल्या पांढऱ्या भिंतीवर निळसर उजेड तसाच पसरलेला होता. दिवा विझला नव्हता!

"आत जाऊ नका!" खारू ओरडली आणि तिने बाहेरचं बटण बंद केलं.

काकांनी चौकट चाचपली. दार उघडताच दिवा विझवणाऱ्या खटक्यात पुठ्ठ्याची घडी घट्ट बसलेली होती.

साहेबांचा चेहरा उतरला. "ही... मीच कोंबली होती. संध्याकाळी दिवा लावल्यावर खोकी आत ठेवताना तो सारखा विझायचा, वैताग आला होता. काढायची राहूनच गेली."

"वैताग तुम्हाला, आणि डोळे मावशीचे?" वकील पटकन बोलून गेला. या वेळी त्याला कुणीच गप्प केलं नाही.

खारूने पट्टीची चिप ठोंब्यात बसवली. दिवे झरझर पळाले! मग उघडी चिप बसवली. आठही दिवे नुसतेच डोळे वटारून बसले.

"दिव्याने केलेलं काम दिव्यांनीच दाखवलं की!" काका म्हणाले. "शाब्बास रे पोरांनो! भल्याभल्यांना सुचलं नसतं!"

साहेबांनी पुठ्ठा काढून खिशात टाकला आणि मावशीसमोर हात जोडले. "चूक माझी आहे. आत्ताच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ, मी येतो सोबत. आणि पोरांनो, टेबल तुमचंच. खोकी बाहेर राहतील."

खारू वकिलाजवळ सरकली. "मला तुझा संशय आला होता. सॉरी."

"मलाही तुझा आला होता!" वकील हसला. "सगळ्यांवर संशय घेणारीच चोर असते, असं मला वाटलं."

चार दिवसांनी मावशीने डोळे न चोळता सुईत दोरा ओवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ती पट्टीघरात गेली आणि ठोंब्याच्या डब्यावरून तिने हलकेच हात फिरवला.

"शहाण्यांच्या लक्षात जे आलं नाही," ती म्हणाली, "ते हा बापडा रोज विसरून विसरून सांगत होता!"

शेपटाने गुपचूप टोपीवरचा एक तारा काढला आणि चिपच्या खिडकीवर घट्ट चिकटवला.