हसायला सोबत

मे महिन्यातला रविवार. यवतमाळात त्या दिवसांत दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. जेवणं आटोपली होती, खिडक्यांवर जुन्या चादरी टांगल्या होत्या, आणि दीपाचा नवरा संघर्ष ड्युटीवर निघायच्या आधी टीव्हीवर नवा पिच्चर लावून देत होता.

"आजच आला हा. फॅमिली पिच्चर हाय, कॉमेडी," तो म्हणाला. "आईले दाखव. डाक्टर म्हणत होते ना, तिचं मन रमलं पायजे म्हणून."

"मले झोप येऊन राह्यली," दीपा म्हणाली.

"मंग झोप ना तू. तिच्यापाशीच झोप."

तो एसटीत कंडक्टर. आज झरीची गाडी होती, म्हणजे यायला रात्र होणार. तो निघाला तशी दारातून उन्हाची तिरीप एकदा आत आली आणि दार लागताच गेली. घरात अंधार झाला.

दीपा लोहाऱ्याला एमआयडीसीत शिलाईच्या कारखान्यात होती. आठवडाभर मशीनवर मान मोडायची आणि रविवारी सासूचं सगळं करायचं. हिवाळ्यात सासरे, श्रावणबाबा, गेले. त्यांचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सासू, नलूबाई, मोरीत पडली. लकवा. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, आवाज आहे आत, पण त्यांना बोलावंसं वाटलं पाहिजे. तेव्हापासून दीपा तिला उठवत होती, बसवत होती, पुसत होती, भरवत होती. कंटाळा आला असं ती कुणाला म्हणाली नाही. म्हणायलाही ताकद लागते.

तिनं सासूला उशीला टेकवून बसवलं आणि स्वतः खाटेखाली चटईवर आडवी झाली. कूलर घरघरत होता. ओल्या गवताचा वास खोलीभर पसरला होता. पिच्चरमध्ये एक म्हातारा गावाहून मुलांकडे येतो आणि तिन्ही मुलं आजारी असल्याचं सोंग करतात, असं काहीसं चाललं होतं. दीपाचे डोळे मिटले.

हसण्यानं ती जागी झाली.

पिच्चरमधलंच असेल, असं तिला वाटलं. मग पिच्चरमधला मोठा भाऊ कण्हत कण्हत खाटेवर पडला आणि खाट मोडली. पण हसणं त्याच्या आधी येऊन गेलं होतं. ती पडून ऐकत राहिली. थोड्या वेळानं पुन्हा हसणं आलं, पोटातून, भरभरून, शेवटी खोकल्यात अडकणारं. आणि त्यानंतर पडद्यावरचा विनोद झाला.

शेजारची निशिगंधा हाच पिच्चर लावून बसली असेल, आपल्यापेक्षा थोडा पुढं. दीपानं स्वतःची समजूत घातली. तरी ती उठली, मागचं दार उघडून बाहेर आली. ऊन अंगावर तापलेल्या तव्यासारखं आलं. निशिगंधाच्या दाराला कुलूप होतं. तेव्हा तिला आठवलं, ते सगळे सकाळीच बाभुळगावला लग्नाला गेले होते. गल्लीत चिमणीचाही आवाज नव्हता.

आणि मग हसणं ऐकू आलं. तिच्याच घरातून.

ती आत आली तेव्हा उन्हानं डोळे दिपलेले होते, काहीच दिसेना. पण वास आला. ओल्या गवताच्या वासात मिसळलेला निलगिरीच्या तेलाचा वास. श्रावणबाबा गुडघ्यांना चोळायचे ते. बाटली तर तिनं केव्हाच फेकून दिली होती.

श्रावणबाबांना घरी बसून पिच्चर पाहायचा भारी नाद. त्यातही हसवणाराच पाहिजे. खाटेच्या पायथ्याशी भिंतीला पाठ लावून खाली बसायचे, हसताना मांडीवर थाप मारायचे आणि बाकीचे हसतात की नाही ते वळून बघायचे. कुणी उठलं की हाक मारायचे, "अरे, बसा ना! एकटा हसनारा मानूस येडा दिसते." पिच्चर संपला की उठून म्हणायचे, "चाल नलू." मग दोघं चौकापर्यंत पान खायला जायची.

दीपाला हळूहळू दिसू लागलं. खाटेच्या पायथ्याशी कुणी नव्हतं. नुसती भिंत. पण नलूबाई टीव्हीकडे पाहत नव्हती. तिनं मान वळवली होती, भिंतीकडे, खाली. आणि तिचा अर्धाच हलणारा चेहरा हसत होता.

"आई..." दीपा पुटपुटली, "कोन हाय वो तिथं?"

तेवढ्यात लाइन गेली.

टीव्ही विझला. कूलरचं पातं गरगरत थांबलं. खोलीत सन्नाटा झाला. मग थोडा वेळ गेला, एखादं वाक्य ऐकायला लागतो तेवढा... आणि भिंतीपाशी कुणीतरी हसलं.

पिच्चर बंद होता, पण पाहणाऱ्याचा चालूच होता. थोडं थांबायचं. मग हसायचं. पुन्हा थांबायचं...

आणि आता नलूबाईही हसू लागली. इतक्या महिन्यांत तिच्या गळ्यातून निघालेला तो पहिला आवाज. घोगरा, ओला. दीपाला क्षणभर आनंदच झाला. पण हसून झालं की म्हातारीचा श्वास परत यायला वेळ लागत होता, आणि दर खेपेला जास्तच. ओठ काळेनिळे पडले होते. दीपानं तिचा हात धरला. एवढ्या उकाड्यात तो हात माठासारखा गार होता.

तिनं संघर्षला फोन लावला. नेटवर्कच्या बाहेर. झरीच्या जंगलात गाडी शिरली की तो कधीच लागत नसे.

पिच्चर संपला की बाबा काय म्हणणार ते दीपाला माहीत होतं. चाल नलू.

जाऊ दे, असं तिच्या मनात आलं. हो, आलं. दोघींचीही सुटका होईल, सासूचीही आणि आपलीही. तिचा शीण बोलत होता तो. आणि त्याच वेळी नलूबाईची डावी बोटं तिच्या हाताभोवती घट्ट आवळली गेली, पाण्यात बुडणाऱ्यानं आवळावी तशी.

"बाबा," दीपा म्हणाली. "बाबा, आईले नका नेऊ... तुमाले सोबत पायजे ना? मी बसीन तुमच्यासंग. मी बसीन ना, बाबा. आईले राहू द्या."

भिंतीपाशी शांत झालं.

दीपा वाट पाहत राहिली. घाम डोळ्यांत उतरत होता, पण पुसायला हात सुटत नव्हता. मग अगदी तिच्या शेजारी, तिच्या गुडघ्यालगत, मांडीवर थाप मारल्याचा आवाज झाला. खूश झालेल्या माणसाची थाप.

लाइन आली. कूलर धडधडत सुरू झाला.

"पानी," नलूबाई म्हणाली.

त्यानंतर ती सुधारत गेली. डॉक्टरांनाही नवल वाटलं. शेतांत सोयाबीन वर आलं तोवर नलूबाई काठीनं मोरीपर्यंत जाऊ लागली, भाजी निवडू लागली, टीव्हीही आपल्या हातानं लावू लागली. "पिच्चर पाहून बरी झाली माही माय," संघर्ष डेपोत सगळ्यांना सांगायचा. त्या घरात भूतबीत कुणी मानत नव्हतं, दीपाही मानत नव्हती. आणि सांगायचं तरी काय?

फक्त तिला हसू येईनासं झालं. कारखान्यात डबा खाताना पोरी लोळून हसायच्या. तिला विनोद कळायचा, पण तोंड हलायचं नाही. थकलो आपण, ती मनात म्हणायची. झोप झाली की होईल बरं. झोप मात्र पुरत नव्हती, कितीही झोपलं तरी कुठंतरी जागून आल्यासारखं अंग दुखायचं.

श्रावणातली एक संध्याकाळ. कामाचाच दिवस होता. दीपा ऑटोतून उतरून घराकडं वळली तर निशिगंधा नळावर भेटली.

"दीपाताई, आज सुट्टी होती काय?"

"नाही वो. आत्ता येऊन राह्यली कारखान्यातून."

निशिगंधा गोंधळली. "मंग दुपारी पिच्चर पाहून कोन हसत होतं? मले वाटलं तुमीच. आवाज तं तुमचाच होता, मोठ्यानं... मले बरं वाटलं आयकून. म्हटलं, लय दिवसानं हसून राह्यल्या बाई."

दीपा घरात आली. नलूबाई खाटेवर बसून लसूण सोलत होती. टीव्ही बंद होता.

"आई," दीपानं दारातूनच विचारलं, "दुपारी कोन आलतं घरी?"

"कोन येते?" नलूबाई लसणावरून नजर न उचलता म्हणाली. "आपन तिघंच तं होतो."

मग तिनं वर पाहिलं. सुनेच्या खांद्यावरची पिशवी पाहिली, हातातला डबा पाहिला, पायांवरची धूळ पाहिली. तिच्या कपाळाला आठी पडली. तिनं एकदा खाटेच्या पायथ्याकडं पाहिलं आणि पुन्हा दारात उभ्या दीपाकडं.

"तू कवा बाहीर गेलती?"