परतीच्या गाडीतले पाच जण

बसा. दार जरा लोटून घ्या, वारा येतोय. उद्या पहाटे तुमची गाडी निघणार, परदेशातला सामना बघायला. भाचा म्हणाला, मामा, प्रवासातलं काहीतरी सांगा. सांगतो. पण हे ऐकीव नाही बरं का. ज्याच्यावर गुदरलं तो आमच्याच गॅरेजचा ड्रायव्हर. त्याला आम्ही पावशेर म्हणायचो. पीत नव्हता हो, थेंबालाही शिवला नाही कधी. उंचीला पाच फूट, अंगानं काडी, म्हणून पावशेर. खाली उशी घेतल्याशिवाय त्याला पुढचा रस्ता दिसायचा नाही.

गेल्या वर्षीचा नोव्हेंबर, तिसरा शनिवार. आपल्या टीमची एक्केचाळीस पोरं सीमेपलीकडे न्यायची आणि सामना संपला की रातोरात परत आणायची, एवढंच काम. फुटबॉलमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पोरं आत घसा फोडत होती तेव्हा हा पार्किंगमध्ये गाडीच्या काचा पुसत होता.

सव्वानऊला सामना संपला. शेवटच्या मिनिटाला गोल करून आपण जिंकलो. पोरं नाचत बाहेर आली. त्यातले पाच जण भारी मस्तीखोर, आणि त्यांचा म्होरक्या ढोलवाला. दारातून आडवं होऊन यावं लागेल असा गडी.

तेवढ्यात पार्किंगमधून एक माणूस चालला होता. एकटाच. पन्नाशीचा असेल. गळ्यात हरलेल्या टीमचा पिवळा मफलर. कुणाला काही बोलला नव्हता बिचारा, घरी चालला होता. ढोलवाल्यानं मफलर ओढला. त्यानं धरून ठेवला. झालं. पाचही जण तुटून पडले. खाली पाडून लाथा घातल्या. ढोलाच्या काठीनं झोडपला.

कसाबसा सुटला आणि उजेड दिसला तिकडे धावला. उजेड कसला, आपल्याच गाडीचा. त्याचा एक पाय पायरीवर आला... आणि पावशेरनं दार लावलं.

मला म्हणाला, "दादा, घाबरलो. मारामारी गाडीत शिरेल म्हणून लावलं." तो माणूस काचेवर थापा मारत होता. भाषा परकी, पण "उघडा" कुठल्याही भाषेत कळतं. पाच जणांनी पाय धरून त्याला मागे ओढलं. हनुवटी पायरीवर आपटली. मग काय झालं ते पावशेरनं पाहिलं नाही. ऐकलं.

थोड्या वेळानं पाचही जण मागच्या दारानं आत आले. धापा टाकत, हसत. "पावशेर काका, दाबा आता!"

यानं दाबली. आरशात तो माणूस पडलेला दिसत होता. हलत नव्हता.

साडेअकराच्या सुमाराला मागे कुणीतरी मोबाइलवर बातमी वाचली. "अरे... गेला तो." मग ढोलवाला म्हणाला, "कोण होतं तिथं? कुणी नव्हतं. झोपा." आणि आतले दिवे घालवायला लावले.

बारा वाजून वीस मिनिटं. हायवे मोकळा, दोन्ही बाजूंना नुसती शेतं. मागून आवाज आला. ओल्या पोत्यावर फावडं हाणावं तसा. धप्. पुन्हा धप्. पावशेरला वाटलं, पोरांची आपसात जुंपली. गाडी बाजूला घेतली, दिवे लावले. सगळे आपापल्या जागी. मात्र पाचांतल्या एकाचं नाक सपाट झालेलं. रक्त छातीवर. "कुणी मारलं?" तर शेजारचा रडकुंडीला येऊन म्हणतो, "काका, आईशप्पथ, मी झोपलो होतो."

फडकं दिलं. गाडी काढली. या वेळी दिवे चालूच ठेवले.

दहा मिनिटांत ते आपोआप गेले.

धप्. धप्. कुणीतरी "सोड, सोड" म्हणून ओरडलं. दिवे आले. दुसऱ्याचा हात कोपरापासून उलटा लोंबत होता.

मग तिसरा. बरगड्या.

मग चौथा. तो सीटखाली जाऊन लपला होता. तिथं.

बाकी छत्तीस जणांच्या केसालाही धक्का नाही. ती पोरं गच्च डोळे मिटून, एकमेकांना धरून बसलेली. कुणी म्हणे, थांबवा. कुणी म्हणे, नका थांबवू, आधी सीमा गाठा.

ढोलवाला पुढं आला. पावशेरच्या शेजारच्या लहान सीटवर बसला. दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरला. एवढा धिप्पाड माणूस, पण दात वाजत होते.

"काका, बोलत राहा माझ्याशी."

"काय बोलू?"

"काहीही. तुम्हाला मुलं किती?"

"एक मुलगी."

"काय करते?"

"नर्स आहे. परवाच..."

दिवे गेले.

मीटरच्या हिरव्या उजेडात पावशेरला तेवढा चेहरा दिसत होता. मान झटक्यात मागे गेली. समोर कुणी नव्हतं. पुन्हा गेली. जबडा मोडल्याचा आवाज आला. "काका... काका..." पुन्हा. मग नुसता घशातला आवाज. मग तोही नाही.

पावशेर स्टीअरिंग धरून बसला. आता आपली पाळी.

एक मैल गेला. दोन गेले.

"मीच दार लावलं," तो मोठ्यानं म्हणाला. "ये."

...

काही नाही. नुसतं इंजिन.

पावणेचारला सीमा आली. चौकीवर अॅम्ब्युलन्स बोलावल्या. पाचही जण जिवंत राहिले, पण त्यातला एकही आज धड चालत-बोलत नाही. ढोलवाल्याचे पुढचे तीन दात गेलेले. पोलिसांनी अख्खी गाडी झाडून काढली. दोन सापडले.

रविवारी दुपारी पावशेर गाडी घेऊन गॅरेजला आला. ड्रायव्हरच्या डोक्यावर कॅमेरा असतो ना, त्यातलं रात्रीचं सगळं मालकानं बघितलं. मीही शेजारी उभा होतो. पहिला धप् झाला तेव्हा, दुसरा झाला तेव्हा, पाचव्याच्या वेळी... पावशेर सीटवर. थंडीचे लोकरी हातमोजे घातलेले दोन्ही हात स्टीअरिंगवर. एकदाही सुटले नाहीत.

मालक गेला. मी चहा दिला तर पावशेरला कप धरवेना. "उजवा हात ठणकतोय दादा, रात्रीपासून."

"हातमोजा काढ बघू."

त्याला निघेना. मीच हळूहळू सोलून काढला. हातमोजा आतून-बाहेरून कोरडा, एक टाका उसवलेला नाही. आणि आतली मूठ... चारही पेरं फुटलेली. सुजून काळीनिळी.

मधल्या बोटाच्या पेरात काहीतरी पांढरं रुतलं होतं. मी चिमट्यानं ओढून काढलं.

दात होता.