कापून टाकलेली कड

“तुझा चेहरा आता तुझा राहिला नाही. लोकांचा झालाय तो,” चित्रकार बाई म्हणाली.

“मग सकाळी तोंडही लोकांनीच धुवावं माझं,” मी म्हणालो.

“ए, गिऱ्हाइकाशी नीट बोल!” मशीनमागून मामा ओरडला.

छापखाना मामाचा. मी शाळा सोडली तेव्हा आईने कानाला धरून मला इथे आणून उभं केलं. तेव्हापासून कागद उचलणं, शाई कालवणं आणि कडा कापणं माझ्याकडे. कडा कापणं म्हणजे काय ते सांगतो, सगळा घोळ तिथेच आहे. पोस्टरवरचं चित्र चारही बाजूंनी दोन बोटं जास्तच छापतात. मग गठ्ठा मशीनखाली सरकवून तेवढी पट्टी उडवायची, म्हणजे पांढरी कड राहत नाही. पट्ट्या पोत्यात, पोतं रद्दीवाल्याकडे. तिकडे कुणी ढुंकून बघत नाही. मी बघतो. मला खोडच आहे.

आता चेहऱ्याचं. चार वर्षांपूर्वी मोर्चात कुणीतरी माझा फोटो काढला. मी बारा वर्षांचा, मूठ वर, आ वासलेला, एका पायात चप्पल नाही. मोर्चावाल्यांनी त्याच्याखाली लिहिलं, ‘आता गप्प बसणार नाही!’ मोर्चा ज्यांच्याविरुद्ध होता त्यांनीही तोच फोटो उचलला, तोंडावर जरा उजेड पाडला आणि लिहिलं, ‘नवी पिढी आमच्यासोबत!’ दोघंही मामाकडेच छापतात. मामा म्हणतो, शाईला पक्ष नसतो. निवडणूक आली की मी रस्त्याच्या या भिंतीवरून त्या भिंतीवरच्या माझ्यावर ओरडत असतो.

मी काय ओरडत होतो ते कुणी विचारलं नाही.

माझी सख्खी ताई पुढे चालली होती. तेव्हा सोळाची. रिबिन केसांत न बांधता मनगटाला गुंडाळायची, आईच्या शिव्या खायची. मला तिने कोपऱ्यावरूनच हाकललं. “लहान आहेस. माझ्याएवढा झालास की ये.” मी ऐकतोय थोडाच! मागे पळालो. गर्दीत चप्पल गेली, पाय अडखळला, आणि मी ओरडलो, “ताई, थांब ना, मला पण यायचंय!”

ती थांबली नाही. पुढच्या चौकात धूर झाला, पळापळ झाली. ताई घरी आली नाही. दवाखान्यात नाही, कोठडीत नाही, मेलेल्यांत नाही. आई अजून तिचं ताट मांडते, आणि कुणी काही बोललं की ताटच आपटते. फोटोत ताई नाही. तो तिच्या अलीकडेच कापलाय, आणि अख्खा फोटो कुणाकडेच नाही.

“माझं तोंड काढा तिथून,” मी बाईला म्हणालो. “नाहीतर खाली मी बोललो तेच लिहा.”

“‘ताई, थांब ना’? त्याने कोण रस्त्यावर येईल रे?”

ती टोमणा मारत नव्हती, खरंच विचारत होती. बाई वाईट नाही, म्हणून तर जास्त डोकं फिरतं.

मोर्चावाल्यांची पोस्टरं तीच करते, पण या वेळी तिने फोटो वापरला नव्हता. स्वतः ब्रशने मला काढलं होतं, काळ्या आणि लाल शाईत. मी गठ्ठा सरकवला, पातं खाली आणलं. उजवीकडच्या पट्ट्या बाहेर पडल्या.

वरच्या पट्टीवर एक कोपर होतं.

असेल एखादी रेघ, म्हटलं. पण खालच्या पट्टीवर तेच कोपर जरा वर सरकलेलं. एकाच चित्राच्या प्रती, फरक पडेलच कसा? मी पट्ट्यांची गड्डी धरली आणि पत्त्यांसारखी अंगठ्याखालून सर्रकन सोडली.

पाठमोरी कुणीतरी चालत होती. चालता चालता हळू झाली. थांबली. खांदा वळला.

मनगटावर लाल पट्टा गुंडाळलेला होता.

बाईला दाखवलं. तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला. “हे मी काढलेलं नाही,” ती म्हणाली. मग बोट फिरवत, हळूच, “पण ब्रशचा हात माझाच आहे.”

“शाई फुटली असेल,” मामा म्हणाला, पण जवळ आला नाही.

तेवढ्यात जाकीटवाला आला, ‘नवी पिढी’वाल्यांचा माणूस. त्याचा गठ्ठा छापून तयार होता. त्याच्याकडे फोटोच, चित्र नाही. मामाने ‘काप’ म्हणून डोळ्यांनी खुणावलं. मी वरच्या थोड्याच कागदांची कड कापली.

पट्ट्यांवर गाल होता. घामाने चिकटलेले केस. शेवटच्या पट्टीवर एक डोळा, सरळ माझ्याकडे.

“कडा साफ काप,” जाकीटवाला म्हणाला. “कचरा दिसता कामा नये.”

“कचरा कुणाला म्हणतोस?”

“अरे, ‘म्हणता’ म्हण!” मामा कळवळला.

मी कापायच्या मशीनची चावी काढून खिशात घातली. “नाही कापणार. न्यायचं तर कडेसकट न्या.”

“पोरा, तुझ्यासारखे छप्पन्न मिळतात.”

“मग त्यांचे फोटो लावा ना! चार वर्षं माझाच का?”

तो फोन कानाला लावून बाहेर गेला. मी त्याच्या गठ्ठ्यातला एक न कापलेला कागद ओढून खिडकीखालच्या टेबलावर पसरला. भर दुपारचा उजेड होता.

कडेला ताई उभी होती. अजून सोळाचीच. हात लांब केलेला, कापायच्या खुणेच्या अलीकडे, फोटोच्या आत.

मधे मी नव्हतो.

“मुलगा कुठे गेला?” बाई कुजबुजली.

मामाने दुसरा कागद काढला. तिसरा. मग अख्खा गठ्ठा उलथला. प्रत्येकावर मधोमध कोरा कागद. बाहेर जाकीटवाल्याचा फोनवरचा आवाज एकदम बंद पडला. मी खिडकीतून पाहिलं. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. तिथल्या जुन्या, उन्हाने उडालेल्या पोस्टरांवर नुसतंच लिहिलेलं होतं, ‘आमच्यासोबत!’ वर कुणी नाही.

मला हसू फुटलं. चार वर्षांत पहिल्यांदा.

मग मी ती माणसाच्या आकाराची कोरी जागा नीट पाहिली.

ती बारा वर्षांच्या पोराची नव्हती. खांदे रुंद होते. दोन्ही पायांत चपला होत्या. कानामागे काहीतरी बारीक, टोकदार खोचलेलं.

मी कानाकडे हात नेला. माझी खुणा करायची पेन्सिल तिथेच होती.

तिनेच हे लिहितोय, पट्ट्यांच्या कोऱ्या बाजूला. मामा म्हणतोय, बस, पाणी पी. बाई मघापासून दाराकडे बघतेय.

या वेळी मी ओरडणार नाही. ओरडलो की खाली कुणीतरी आपलंच वाक्य लिहितं.

आईला सांगा, चपला घालून गेलाय.

मला आता निघायला हवं.