‘उलटा पंखा’ची तिसरी चाहती

पडद्यावर मकरंदच्या मेंदूचा नकाशा उजळला होता. त्याच्या कानांत ‘उलटा पंखा’चं गाणं वाजत होतं आणि डाव्या कानशिलाच्या आत पेशींचा एक पुंजका गाण्याच्या ठेक्यावर लुकलुकत होता. पुंजका गव्हाच्या दाण्याएवढा. शर्वाणी पडद्याकडे टक लावून पाहत राहिली. सहा वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या डोक्यातली ही दाण्याएवढी जागा तिला काही मिळाली नव्हती.

‘उलटा पंखा’ हा सांगलीच्या चार मुलांचा बँड. मकरंद आणि त्याची मैत्रीण जुईली कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून, एकच इअरफोन वाटून घेऊन तो ऐकायचे. जुईली आता शेजारच्या सोसायटीत राहायची आणि दर रविवारी जेवायला यायची. गाण्यात ड्रम थांबला, की चाहत्यांनी टेबलावर दोनदा टकटक करायची अशी रीत होती. ती दोघं एकमेकांकडे न बघता एकाच क्षणी टकटक करायची, मग हसायची. शर्वाणीने एक्केचाळीस गाणी वहीत मात्रा मांडून पाठ केली होती, तरी तिचं बोट अर्धा क्षण उशिराच पडायचं.

“वहिनी, मोजू नका हो,” जुईली म्हणायची. “ते आपोआप येतं.”

तेच ‘आपोआप’ शर्वाणीच्या डोक्यात जाई.

“हा रुचिठसा,” प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. अंजुम तांबोळी पुंजक्यावर बोट ठेवत म्हणाल्या. “चौदा ते वीस या वयात जो बँड जिवापाड आवडतो, तो नुसती आवड म्हणून साठत नाही. मी कोण आणि माझी माणसं कोण, हे ज्या पेशी ठरवतात त्यांच्यातच तो विणला जातो. म्हणून तर परगावात त्याच बँडचा टी-शर्ट दिसला, की परका माणूस ओळखीचा वाटतो.”

“आणि ठसारोपण करून तो दुसऱ्याच्या मेंदूत बसवला, तर घेणाऱ्यालाही तसंच वाटणार,” शर्वाणी म्हणाली.

“वाटतं. त्या नाशिकच्या मुलाला वडिलांचा ठसा दिला, तर तो वडिलांच्या जुन्या वर्गमित्रांत जाऊन रमला. नुसतं गाणं वेगळं काढता येत नाही, शर्वाणी. ठसा माणसांसकट येतो. माझं ऐकशील तर नवऱ्याचा घेऊ नकोस, त्या मैत्रिणीचा घे.”

“तिचा? माझ्या डोक्यात?” शर्वाणीचा आवाज चढला. “नको मॅडम. मकरंदचाच.”

तांबोळी आणखी काही सांगणार होत्या, पण शर्वाणीने सही केलेलं संमतिपत्र त्यांच्यापुढे सरकवलं आणि विषय संपवला.

रोपणानंतरच्या तिसऱ्या रविवारी जेवणं उरकल्यावर मकरंदने नेहमीप्रमाणे गाणं लावलं. पहिल्या सुरालाच शर्वाणीच्या छातीत काहीतरी सैल झालं. आपण सतराच्या आहोत, आपलं सगळं आयुष्य अजून बाकी आहे, असं वाटलं. ड्रम थांबला. सोफ्यापुढच्या टेबलावर तीन बोटं एकाच वेळी दोनदा वाजली.

“आलं की, वहिनी!” जुईली म्हणाली.

हे ‘वहिनी’ शर्वाणीला टोचलं. इतकं परकं का बोलते ही? तिने डोळे मिटून ठशासोबत आलेल्या आठवणीत मकरंदला शोधलं. उन्हाने तापलेल्या पायऱ्या होत्या. इअरफोनची वायर होती. वायरच्या दुसऱ्या टोकाला केस मागे सारणारी, संत्र्याची फोड पुढे करणारी जुईली होती. मकरंद कुठेच नव्हता.

आणि तो असणार तरी कसा? बघणारा तोच होता. माणसाच्या आठवणीत त्याचा स्वतःचा चेहरा नसतो. मकरंद दिसला असता तो फक्त जुईलीच्या ठशात, आणि तो तर शर्वाणीने नाकारला होता.

दुसरं गाणं सुरू झालं. पुन्हा तिघांची टकटक जुळली, पण जुईली हसली ती मकरंदकडे बघून. शर्वाणीचा तोच जुना मत्सर पेटला, फक्त या वेळी ती नवऱ्याकडे रोखून पाहत होती. सोफ्यावर तो जुईलीच्या शेजारी ऐसपैस बसला होता, जणू ती जागा त्याचीच.

शर्वाणी उठून त्याच्यासमोर उभी राहिली.

“सरक जरा,” ती म्हणाली. “मला बसायचंय मध्ये.”

बायको शेवटी आपल्याजवळ बसायला आली, या आनंदात मकरंदने जागा करून दिली.