घोसाळ्याने दोरी धरली

घोसाळ्याचा वेल दोरी का धरत नाही, हे कोडं मंगळावरच्या अंकुर तळावर कुणालाच सुटत नव्हतं. इरावतीचा तर जीव टांगणीला लागला होता. रहिमतपूरच्या आजीने चिंधीत बांधून दिलेल्या पाच बियांपैकी हीच एक रुजली होती. रविवारपर्यंत वेल चढला नाही तर त्याच्या कुंडीची जागा शेवाळाच्या टाकीला जाणार, असं तिच्या मृणालआत्याने बजावलं होतं. आत्या तळाची वनस्पतिशास्त्रज्ञ. तिच्यापुढे कुणाचीच डाळ शिजत नसे.

शनिवारी सकाळीच इरावती कुंडीपुढे ठाण मांडून बसली. कारण कळल्याशिवाय उठायचं नाही, असं तिने ठरवलंच होतं. वेलाचा एक तणावा (आधार पकडणारा दोऱ्यासारखा भाग) भिंतीतल्या दांडीवरून सोडलेल्या दोरीला टेकला. बऱ्याच वेळाने त्याचं टोक किंचित वळलं. तेवढ्यात खटपट्या हा यंत्रमानव आला आणि त्याने कुंडी पाव फेरा फिरवली. दिवे एकाच बाजूला होते, म्हणून झाडांना सगळ्या बाजूंनी सारखा उजेड मिळावा यासाठी आत्यानेच तासातासाला कुंड्या फिरवायचा नियम घातला होता. तणाव्याची दोरी सुटली आणि हळूहळू तो पुन्हा सरळ झाला.

तीन वेळा हेच झालं. चौथ्यांदा इरावतीने कुंडीला घट्ट मिठी मारली. खटपट्याने हात काढण्याची नम्र विनंती करून पाहिली आणि शेवटी आत्याला बोलावून आणलं.

"आत्या, तो धरतोय गं. आपणच सोडवतोय," इरावती म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता, पण मिठी सैल झाली नाही.

आत्या बराच वेळ वाकून बघत राहिली. मग तिथेच जमिनीवर बसून तिने समजावलं. झाडांना स्नायू नसतात, म्हणून वेल वाढता वाढता वळतो. तणाव्याची दोरीला टेकलेली बाजू हळू वाढते, पलीकडची भरभर वाढते, आणि त्यामुळे तो दोरीभोवती वळतो. याला स्पर्शानुवर्तन (स्पर्शामुळे वळत होणारी वाढ) म्हणतात. स्पर्श लवकर तुटला तर तो पुन्हा सरळ होतो. वेलाचं खोड नाजूक असतं. जाड बुंधा करण्यात अन्न घालवण्यापेक्षा दुसऱ्याच्या आधाराने उजेड गाठणं त्याला परवडतं.

"मी फक्त उजेडाचाच विचार केला," आत्या म्हणाली. "धरायला त्याला वेळ लागतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चुकलं माझं."

वेलाची कुंडी आता फिरवायची नाही, असं तिने खटपट्याला सांगून टाकलं.

रविवारी सकाळी दोरीवर दोन पक्के वेढे होते. इरावतीने दोरी हलकेच ओढून पाहिली. वेलाने ती सोडली नाही. ठरल्या वेळी खटपट्या आला, कुंडीजवळ थबकला आणि त्याने पुढची दोरी कुठे बांधायची ते विचारलं.

इरावतीने छताकडे बोट दाखवलं. "पार वरपर्यंत."