शेवटची खाच

"पाय लांब करा, ताई. अजून... अजून थोडे..."

"अरे बापरे!"

हे 'अरे बापरे' रज्जाकभाईंचं नव्हतं. हडपसरच्या त्यांच्या दुकानात, दोर, जाळी आणि रबरी बोटींच्या वासात, फरशीवर अंथरलेल्या गोणपाटावर बसून सुनीती पाय पसरत होती. तिच्या टाचा जवळजवळ दारापर्यंत पोचल्या होत्या, आणि त्याच दारात एक तरुण अडकून उभा होता. दोन्ही हातांत लाइफ जॅकेटं, मानेत धरलेली छत्री, आणि छत्रीचं सगळं पाणी त्याच्याच बुटात.

"ओलांडून या," सुनीती म्हणाली. "टोल लागत नाही."

"नको. ओलांडलं की उंची खुंटते म्हणतात." त्यानं तिच्याकडे डोक्यापासून टाचेपर्यंत पाहिलं, म्हणजे बराच वेळ पाहिलं. "तुम्हाला कुणी कधी ओलांडलेलं दिसत नाही. मला मात्र लहानपणी अख्ख्या शनिवार पेठेनं ओलांडलं असावं..."

सुनीतीला हसायचं नव्हतं. उंचीवरचे विनोद ती शाळेपासून ऐकत आली होती, आणि त्यातला एकही सांगणाऱ्यानं स्वतःवर केलेला नव्हता. म्हणून ती हसली. घात तिथेच झाला.

सुनीतीची उंची पाच फूट दहा इंच. पुण्यात एवढी उंच मुलगी असणं म्हणजे चारचौघांच्या तोंडाला आयतं काम. वर्गात शेवटचा बाक, फोटोत मागची रांग, बसमध्ये "बाई, पाय आवरा", आणि लग्नाचं वय झाल्यावर प्रत्येक स्थळाकडून तोच निरोप — मुलगी छान आहे, पण जोडा शोभणार नाही. कंपनीच्या सहलीत ती पहिल्यांदा कयाकमध्ये बसली. कयाक म्हणजे एकट्यानं चालवायची लांबट, अरुंद होडी. पाय होडीच्या पोटात सरळ पसरायचे, वर दिसतं ते फक्त कमरेपासूनचं माणूस. त्या दिवशी पाण्यावर तिची उंची कुणी विचारली नाही. कोकणातलं एक रिसॉर्ट बंद पडलं तेव्हा तिथली जुनी, पिवळी, समुद्रात नेता येईल अशी कयाक तिनं उचलून आणली आणि मुळशीच्या पाण्याकाठी बायडाबाईंच्या गोठ्याशेजारी ठेवली.

होडी ठणठणीत होती. फक्त आतले फूटब्रेस, म्हणजे पावलं टेकवायची दोन टेकणं आणि ती ज्यांवर पुढेमागे सरकतात त्या पट्ट्या, खाऱ्या पाण्यानं खाऊन टाकले होते. त्यांच्या जागी नवे निवडायला ती आज आली होती, आणि रज्जाकभाई तिच्या पायांचं माप घेत होते.

"हे घ्या," रज्जाकभाईंनी एक जोडी पुढे ठेवली. "जुन्याच भोकांत बसतात. स्क्रू पिळला की काम फत्ते."

"हे घेऊ नका," दारातला माणूस म्हणाला.

"तुम्हाला कुणी विचारलं?" सुनीती म्हणाली.

"कुणीच नाही. पण पुण्यात विचारल्यावर सल्ला द्यायची पद्धत कधीपासून सुरू झाली?" एव्हाना तो तिच्या पायांना वळसा घालून आत आला होता आणि गोणपाटाच्या कडेला उकिडवा बसला होता. "बघा... सुकाणू वळवायला पाय दाबला की हे अख्खं टेकणच पुढे पळतं. उद्या समुद्रात लाट अंगावर आली, तुम्हाला पायानं रेटा द्यायचाय... कशावर देणार? त्यापेक्षा ही दुसरी जोडी बघा. टेकण जागेवर पक्कं, सुकाणू फिरतं ते नुसतं अंगठ्याच्या जोरावर. एकदा खाचेत बसलं की हलायचं नाव नाही. आणि पट्टीही लांब आहे. तुमच्या पायांना... म्हणजे... पुरेल."

"पण त्याला नवी भोकं पाडावी लागतील," रज्जाकभाई म्हणाले.

"चांगल्या होडीला भोकं?" सुनीती दचकली.

"भोक बुजवता येतं हो. पाय कुठे कापणार?"

"आणि गळली तर?"

"गळली तर मी बोळा होऊन बसेन भोकात."

रज्जाकभाईंनी खोकून मान फिरवली. सुनीतीनं खाली पाहिलं, गोणपाटाचा एक धागा ओढला... आणि लांब पट्टीची जोडी उचलली.

त्याचं नाव अनंत. कॉलेजच्या बोट क्लबमध्ये शिकला होता, आता सुट्टीच्या दिवशी तिथेच नवख्यांना शिकवायचा, आणि उंची म्हणाल तर सुनीतीच्या कानापर्यंत.

पुढच्याच रविवारी तो ड्रिल मशीन घेऊन मुळशीला हजर झाला. गोठ्याच्या पडवीत होडी आडवी घातली, जुनी भोकं बुजवली, नवी पाडली, प्रत्येक स्क्रूखाली रबराची चकती आणि चकतीभोवती लुकण. त्याच्या कपाळावरचा घाम नाकावरून घरंगळत होता, आणि तो आपल्या ओढणीनं टिपावा की नाही या विचारात सुनीतीनं अर्धा तास घालवला.

"बस आता," तो म्हणाला.

ती बसली. त्यानं टेकणं एकेक खाच पुढे सरकवत नेली. "इथे?" "नाही, अजून." "इथे?" "अजून..." शेवटी पट्टी संपली. शेवटच्या खाचेत टेकण खट्‌कन बसलं, आणि सुनीतीचे तळवे, टाचा, गुडघे सगळं जिथल्या तिथे आलं. आजवर सगळ्यांनी तिला आवर, वाक, मागे बस, एवढंच सांगितलं होतं. तिच्या पायांना पुरेल एवढी जागा शोधायची खटपट कुणी केली नव्हती. तिचे डोळे भरून आले.

"काय झालं? टोचतंय?"

"नाही," ती म्हणाली. "बरोब्बर बसलंय."

प्रेमात पडायला माणसांना काय काय लागतं. हिला एक खाच पुरली.

मग दर रविवारी मुळशी. होडी एकच, त्यामुळे आळीपाळीनं. त्याची पाळी असली की तो टेकणं आपल्या मापाला तीन खाचा जवळ ओढायचा, आणि काठाला लागल्याबरोबर, पाय कोरडे करायच्याही आधी, पुन्हा शेवटच्या खाचेत नेऊन ठेवायचा. "होडी तुझी, जागा तुझी," म्हणायचा. हे तो एकदाही विसरला नाही. सुनीतीला त्या खट्‌ आवाजाची सवयच जडली होती, आणि दिवाळीनंतर दुसरी होडी घेऊन दोघांनी मिळून समुद्रात उतरायचं, हेही ठरून गेलं होतं.

गावात आले की त्यांचा वेगळाच खेळ चाले. लक्ष्मी रोडवर अनंत फुटपाथवरून चालायचा आणि सुनीती खाली रस्त्यावरून, म्हणजे दोघं बरोबरीचे दिसत. पहिल्यांदा हे तिनंच गमतीनं केलं होतं. मग ते रोजचं झालं. रिक्षावाले तिच्या कोपराला घासून जात, शिव्या देत, तरी ती खालीच. एकदा ती सहज फुटपाथवर चढली, तर अनंत बोलता बोलता एका दुकानाच्या पायरीवर जाऊन उभा राहिला. तेव्हाही ती हसली. पण घरी जाताना तिला ते हसू आठवलं आणि आवडलं नाही.

गणपतीत त्यानं तिला घरी नेलं. मैत्रीण म्हणून. मंदाकिनीकाकू, त्याची आई, हातात आरतीचं ताट घेऊन बाहेर आल्या आणि तिच्याकडे मान वर करून बघतच राहिल्या.

"बस गं बस. उभी राहू नकोस, पंखा चालू आहे."

सगळे हसले. अनंतही हसला. सुनीती बसली, प्रसाद खाल्ला, आणि निघताना तिनं स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज ऐकला. "मैत्रीण आहे तोवर ठीक आहे हो. पण नाकापेक्षा मोती जड नको."

खाली बोळात आल्यावर तिनं त्याला गाठलं. "तू का हसलास?"

"आई चेष्टेत बोलते, सुनीती..."

"मी तुला आईबद्दल नाही विचारलं." ती थांबली. मग ज्यासाठी इतके महिने जीव टांगणीला लागला होता, ते विचारलंच. "आपल्याबद्दल घरी सांगणार आहेस ना? की मी जन्मभर रस्त्यावरूनच चालायचं?"

त्यानं तिचा हात हातात घेतला. "सांगतो. दिवाळी होऊ दे. नक्की सांगतो."

दिवाळी झाली. दुसरी होडी आली नाही. मग तुळशीचं लग्न होऊ दे झालं, मग मावशी आल्यात, त्या जाऊ देत. मग संक्रांत. अनंत तोंडात मूग धरून बसला होता, आणि सुनीती दर वेळी 'बरं' म्हणत होती. शहाणी मुलगी, पण प्रेमात शहाणपण गहाण टाकायची रीतच आहे.

संक्रांत झाली त्या आठवड्यात ती सकाळीच मुळशीला पोचली. अनंत मागून येतो म्हणाला होता. पाण्यावर धुकं होतं, थंडी कानात शिरत होती. तिनं होडी काठाशी ओढली, आत बसली, पाय पसरले...

पाय पसरलेच नाहीत. गुडघे वर होडीच्या कडेला थडकले आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिनं हात घालून चाचपलं. टेकणं पार अलीकडे, पट्टीच्या जवळजवळ सुरुवातीलाच होती.

तीन खाचा असत्या तर ती म्हणाली असती, विसरला बिचारा. पण अनंत बुटका असला तरी इतका बुटका नव्हता. या मापात बसेल अशी पावलं कुणाची, हे ती मोजत राहिली, तेवढ्यात बायडाबाई शेणाची पाटी घेऊन आल्या.

"आज येकलीच व्हय? काल दादा आलं व्हतं की. संगं त्यांची व्हनारी बायकू. लई ग्वाड पोर हाय. येवढुशी!" बायडाबाईंनी आपल्या खांद्याशी हात धरून दाखवला. "तुमाला ठावं आसंलच म्हना."

"हो तर," सुनीती म्हणाली. "मला नाही तर कुणाला?"

ती होडीतून उतरली आणि काठावरच्या पायवाटेत बसली. थंड मातीवर, पाय पसरून. अनंतची स्कूटर वाजली, बंद झाली. तो उतार उतरून आला, तिचा चेहरा बघून थबकला, मग त्याची नजर होडीकडे गेली. टेकणं पुन्हा शेवटच्या खाचेत न्यायची राहिली, हे त्याला त्या क्षणी आठवलं असावं.

"मी... मी सांगणारच होतो."

"आईला?"

"नाही. तुला."



"आईनं परस्पर ठरवलं, सुनीती. बघायचा कार्यक्रम म्हणून गेलो आणि... सगळे इतके खूश होते... मला बोलताच आलं नाही. आणि त्या मुलीनं, सुहासिनीनं, विचारलं, तुम्हाला काय आवडतं? मी म्हटलं, पाणी. तर म्हणाली, दाखवा."

"दाखवलंस. छान केलंस. होडी कुणाची म्हणून सांगितलीस?"

अनंत पाण्याकडे पाहत राहिला. "एका... मित्राची."

सुनीतीला वाटलं होतं, आपण ओरडू. पण आवाज अगदी साधा निघाला. "मला वाटायचं, तुझी आई माझी उंची मोजते. तूही तेच करत होतास रे. पायरीवर चढून."

"तसं नाही... माझं खरंच प्रेम आहे तुझ्यावर."

"असेल. दुकानात मला काय सांगितलं होतंस? पायाखालचं हलणारं घेऊ नका. मी होडीसाठी तेवढं पाहून घेतलं. माणूस घेताना मात्र जुन्या भोकांत बसणारा घेतला."

तो पुढे आला, होडीपाशी वाकायला लागला. "निदान ती टेकणं तरी मला..."

"हात लावू नकोस."

तो थांबला. वाटेत तिचे पाय होते. पलीकडे त्याची छोटी पिशवी, कालची विसरलेली, गोठ्याच्या खुंटीला लटकत होती. ती घेतल्याशिवाय त्याला जाता येईना, आणि पाय आवर म्हणायची छाती होईना.

"ओलांडून जा," सुनीती म्हणाली. "टोल लागत नाही."

तो ओलांडून गेला. पिशवी घेऊन तसाच ओलांडून परत आला.

"लग्नाला... येशील?"

"येईन की. फोटोत मला खुर्ची द्यायला सांग काकूंना, म्हणजे जोडा बिघडायचा नाही."

मग ती उभी राहिली. इतके महिने ती उताराची खालची बाजू बघून उभी राहायची, आपसूक. आज ती वरच्या बाजूला, दगडावर जाऊन उभी राहिली, ताठ, सगळी पाच फूट दहा इंच. अनंतनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. वळला आणि स्कूटरकडे चालू लागला.

स्कूटरचा आवाज घाट चढून पार नाहीसा होईपर्यंत ती तिथेच उभी होती. मग तिनं होडीत हात घालून टेकणं सरकवली. एकेक खाच, शेवटपर्यंत. खट्‌. खट्‌. वल्हं उचललं आणि काठ सोडला.

पाण्याच्या मध्यावर गेल्यावर तिनं वल्हं आडवं ठेवलं. पाय भक्कम टेकले होते. त्यानं बुजवलेली भोकं अजून शाबूत होती, पाडलेलीही. काम चोख होतं, त्याला नाव ठेवायला जागा नव्हती. बाहेरून एक थेंब आत येत नव्हता.

तरी होडीत पाणी पडत होतं. सुनीतीनं ते पुसलं नाही.