बियांच्या गोवऱ्या

"अक्का, भिंत रिकामी कशी शे?"

चुडामण ओरडला नाही, आणि म्हणूनच शेवंताबाईंच्या हातातलं सूप जागच्या जागी थांबलं... धाकटा भाऊ ओरडला की घटकाभरात निवतो, हे त्यांना त्याच्या लहानपणापासून ठाऊक होतं. हळू बोलला की मात्र त्याचा राग घरात मुक्कामाला यायचा.

गोठ्याची मागची भिंत. उन्हाच्या बाजूची. तिच्यावर दर कार्तिकात शेवंताबाई अकरा गोवऱ्या थापत, आणि प्रत्येक गोवरीच्या पोटात गिलक्याचं, म्हणजे घोसाळ्याचं, बी दाबत. शेणात ठेवलेल्या बियाला कीड लागत नाही, उंदीर शिवत नाही. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास गोवरी भिजवून फोडली की बी आणि खत एकदमच मातीत जातं. हे गिलकं हातभर लांब, कोवळं, गोड. चुडामणच्या बायकोनं ते माहेराहून आणलं होतं. लीलाधर वर्षाचा असताना ती गेली. मागे राहिलं तान्हं पोर आणि मूठभर बी. कपाळ पुसून भावाच्या दारी आलेल्या शेवंताबाईंनी दोन्ही पदराखाली घेतलं, दोन्ही जगवलं.

आता भिंतीवर अकरा गोल डाग होते.

"बठ्ठं बी कथा गयं?"

सैपाकघराच्या दारात प्रमिला उभी होती. लीलाधरची बायको, जळगावच्या मेहरूणची, लग्नाला पाच महिने झालेली. तिचे ओठ हलले...

"मीच चुलीमा जायी टाकं, भाऊ," शेवंताबाई म्हणाल्या. "मना ध्यानमा नही ऱ्हायनं."

*

जे घडलं ते असं.

माघात पाहुणे आले. अंघोळीचं पाणी तापवायचं होतं, कपाशीच्या पऱ्हाट्या दवानं ओल्या झालेल्या, आणि भिंतीवर कशा छान खणखणीत गोवऱ्या! शेवंताबाई नदीवरून धुणं घेऊन परतल्या तेव्हा चुलीतून आवाज येत होता. तड्. तडतड्. तड्. तो आवाज कशाचा हे त्या घरात एकट्या त्यांनाच कळलं. आणि चुलीपुढे घामेजलेली प्रमिला वर बघून हसली, "फुई, बघा, एका काडीत पेटलं!"

बापाच्या बहिणीला या बाजूला फुई म्हणतात. ते हसू मोडायचं शेवंताबाईंच्या जिवावर आलं.

*

न सांगण्याचं आणखी एक कारण होतं. पौषात भांडी विसळलेलं पाणी प्रमिलेनं वेलाला न घालता गटारात ओतलं होतं, आणि ते पाहून चुडामण म्हणाला होता, "आखो एक डाव नासधूस दिसनी, ते इले माहेर धाडी देसू. लेवाले कोनी जावानं नही."

तो बोलेल ते करणारा माणूस होता. आणायला जाऊ नका म्हणाला की कुणी गेलं नसतं. लीलाधरही नाही.

*

लुगड्याचं आयुष्य, शेवंताबाईंच्या हातून:

नवं लुगडं सणाला. विटलं की रोजचं. फाटलं की मधून कापून, कडा जोडून, पुन्हा रोजचं. मग त्याची वाकळ. वाकळीतून निघालेलं दुपटं. दुपट्यातून उरलेलं फडकं, फडक्याचं पोतेरं. पोतेऱ्याच्या चिंध्या चुलीत, चुलीतली राख भांड्यांना, भांड्यांची राख पाण्यासोबत वेलाच्या आळ्यात.

आणि माणसाचं आयुष्य? त्यांनी कधी तसा विचार केला नव्हता. चैत्रात करू लागल्या.

कारण चुडामणनं दुसऱ्याच दिवशी बियांची सगळी गाडगी उचलून आपल्या खोलीत नेली. मुगाचं, चवळीचं, डांगराचं, मिरचीचं. एक शब्द बोलला नाही. वीस वर्षं पेरणीच्या सकाळी तो बहिणीपुढे ओंजळ पसरत असे आणि त्या मोजून-मापून बी घालत... आता ती ओंजळ कुणापुढे पसरणार होती कोण जाणे! त्या जेवायला वाढत, तो ताटाकडे बघून जेवे. घर तेच, चूल तीच, फक्त शेवंताबाई त्या घरात पाहुण्यासारख्या झाल्या. न बोलावलेल्या.

लीलाधर जळगावला कचेरीत कारकून होता. रविवारी आला, सगळं ऐकलं आणि हसून बापाला म्हणाला,

"फुईला म्हातारचळ लागला, आबा. जाऊ द्या. बाजारात पुडीत बी मिळतं."

पुडीत...! ज्याला त्यांनी बोट धरून चालवलं तो म्हणाला. शेवंताबाईंनी त्याला ताक दिलं.

*

"मी सांगते आबांना," प्रमिला म्हणाली.

"चूप ऱ्हाय, बेटा."

"फुई, माझ्या घशाखाली घास उतरत नाही हो! तुम्हाला कसं उतरतं?"

"उतरस. सवय शे."

"पण का? मी कोण लागते तुमची?"

शेवंताबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गळ्याची शपथ घातली. आबांना एक अक्षर सांगायचं नाही. प्रमिलेनं शपथ घेतली. रडत घेतली.

शपथ आबांपुरती होती.

*

स्वराज्य आल्यापासूनची ती सातवी आखाजी. गावातल्या लेकी माहेरी आल्या, निंबाला झोके बांधले गेले. लीलाधर सकाळच्या मोटारीनं प्रमिलेला मेहरूणला न्यायला आला. ती ट्रंकेजवळ उभी राहून म्हणाली, "मी येत नाही."

"अगं, आखाजीला माहेरी जायचं नाही?"

"मला इथल्या माहेरवाशिणींकडे काम आहे."

गेल्या पंधरा वर्षांत गावातून सासरी गेलेल्या प्रत्येक मुलीच्या ओटीत शेवंताबाईंनी नारळाबरोबर एक गोवरी घातली होती. पोरी हसत, सासरचे नाकं मुरडत, पण गिलकी लागत. हे प्रमिलेला शेजारणीकडून कळलं होतं. तिला हेही कळलं होतं की ओटीत घातलेलं परत मागायचं नसतं. देणारीचं तोंड त्या बाबतीत कायमचं शिवलेलं. म्हणून तर शेवंताबाईंनी कुणाकडे बी मागितलं नव्हतं.

पण प्रमिलेनं कुठे काही दिलं होतं?

झोक्याखाली वीस-पंचवीस जणी. ती मधोमध जाऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर सावरला, आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "बियांच्या गोवऱ्या मी जाळल्या. मला माहीत नव्हतं. फुईंनी आळ स्वतःवर घेतला. कुणाकडे ते बी असेल तर मी पदर पसरते."

झोका थांबला.

"अगं बाई! शहरची शिकलेली ना तू?" एक म्हणाली. "शेण आणि गोवरी ओळखायला शाळा लागते होय?" दुसरी. हसू पिकलं. प्रमिला मान वर करून उभी राहिली, तिनं ते सगळं ऐकून घेतलं. मग पिंपळनेरला दिलेली सुनंदा झोक्यावरून उतरली. "मी आईला अंग घासायला दोन वाळकी गिलकी आणलीत. आमच्या परड्यातली. बी आतच आहे, वाजतं बघ."

*

प्रमिला घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती.

चुडामण ओट्यावर बसला होता. लीलाधर खांबाला टेकून उभा. प्रमिलेनं गिलकी शेवंताबाईंपुढे ठेवली आणि खाली बसली. आता धाडा मला कुठे धाडायचं तिथे, असा तिचा चेहरा.

चुडामणनं सुनेकडे पाहिलंच नाही. "अक्का," तो म्हणाला, महिन्यानं म्हणाला, "मनासंगे खोटं बोलनी तू?"

शेवंताबाईंनी एक गिलकं उचलून कानाशी हलवलं. मग प्रमिलेलाही नीट कळावं म्हणून, जमेल तशा शहरी बोलीत, सावकाश बोलू लागल्या.

"खोटं कसं, भाऊ? भिंतीवर कशात बी आहे, हे मी हिला कधी सांगितलंच नाही. पोरगी सहा महिने माझ्यामागे फिरली, फुई हे काय, फुई ते काय... मी पाणी शिकवलं, राख शिकवली, बी शिकवलं नाही. तेवढं एकच माझं होतं ना या घरात! ते देऊन टाकलं की माझं काय काम उरतं इथं?... म्हणून जळालं. मीच जाळलं."

चुडामण उठून उभा राहिला. त्यानं हात वर करून लीलाधरकडे दाखवलं.

"एक? अक्का, एकच? आन हाऊ लीलाधर? हाऊ कोना पोऱ्या शे?"

लीलाधर खांबापासून सुटला. कचेरीचा पांढरा सदरा, इस्त्रीचं धोतर, आणि तो तसाच शेणानं सारवलेल्या अंगणात गुडघ्यांवर बसला. फुईच्या पायांवर डोकं ठेवून तो काय बोलला, ते कुणाला ऐकू आलं नाही.

दिवस कलेपर्यंत शेवंताबाईंनी प्रमिलेला सगळं सांगितलं. बी कितव्या फळाचं धरायचं, पोचट कसं ओळखायचं, शेण कोणत्या गाईचं, किती शिळं. चुडामणनं गाडगी बाहेर आणून दोघींच्या मध्ये ठेवली. एकेक करून सगळी उघडली गेली, सगळं सांगून झालं, आणि मग शेवंताबाईंजवळ सांगायला काहीच उरलं नाही. त्या रिकाम्या हातांनी बसून राहिल्या... हलक्या, आणि थोड्या घाबरलेल्या.

"फुई, भूक लागली!" आतून लीलाधरनं हाक मारली.

प्रमिला उठू लागली.

"तू नको गं," तो म्हणाला. "फुईला म्हटलं."